चव उरलेला कप

"फेस नाही, तर चॉकलेट नाही!" असं बजावत आमच्या शेजारच्या आजी दोन तळव्यांत लाकडी रवी गरगर फिरवायच्या. जर्मनीत, डार्मश्टाटला आमच्या समोरच्याच दारात राहायच्या, मूळच्या मेक्सिकोच्या. चॉकलेट-दालचिनीची जाड वडी, गरम पाणी आणि ती रवी, एवढ्यावर त्यांचं प्यायचं चॉकलेट व्हायचं. दूध घालू का विचारलं, तर असं बघायच्या, जणू मी पुरणपोळीवर केचप मागितलंय.

त्यांच्या माहेरी पहाटे रवीच्या आवाजानंच सगळी भावंडं उठायची म्हणे, आणि जास्त फेस कुणाच्या कपात यावरून भांडायची. त्यांचं जर्मन माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं.

एकदा नोव्हेंबरच्या सुरुवातीला सकाळी गेले, तर कोपऱ्यात मेरीमातेची तसबीर, झेंडू, मेणबत्ती आणि पुढे भरलेला कप. आपली सवय हो! नैवेद्य दाखवून झालाय असं समजून मी हात जोडले आणि प्रसाद म्हणून एक घोट घेतला. तेवढ्यात आजी आतून आल्या.

"चव आहे?" त्यांनी विचारलं.

"हो, हो! एकदम मस्त!" मी बावळटासारखी म्हणाले.

आजी मटकन खुर्चीत बसल्या. झेंडूंमागचा तरुण मुलाचा फोटो मला तेव्हा दिसला. गेलेलं माणूस दरवर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका रात्री घरी येतं, कपातली चव घेऊन जातं, मागे नुसतं पाणी उरतं, असं त्यांच्याकडे मानतात. त्यांचा मुलगा तिकडे मेक्सिकोतच अपघातात गेला, त्यानंतर त्या इथे लेकीजवळ आल्या.

"त्याला इथला पत्ता माहीत नाही गं," त्या म्हणाल्या.

पिंडाला कावळा शिवत नाही म्हणून ताटकळलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. तोच चेहरा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच बोलावून कप माझ्या हातात दिला. मी घोट घेतला. गारढोण झालं होतं, पण दालचिनी, गोडी, सगळं जिथल्या तिथे.

"छे! नुसतं पाणी," मी म्हणाले.

आजींनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि रडता रडता हसल्या. खोटं बोलले खरी, पण त्याचं मला आजही जराही वाईट वाटत नाही.

या उन्हाळ्यात आजी गेल्या. लेकीनं रवी मला आणून दिली. समोरच्या दारावर आता दुसऱ्याच नावाची पाटी आहे, तरी पहाटे मला रवीचा आवाज येतो. फार आठवण येते त्यांची.

नोव्हेंबरात मीच कप भरून ठेवला. त्यांना पत्ता तर माहीत होता. सकाळी मात्र चाखायचा धीर होईना. ऑफिसला निघालेल्या नवऱ्यानं सरळ उचलून घोट घेतला.

"काय गं, साखर विसरलीस? नुसतं पाणी लागतंय."

साखर वडीतच असते, आणि मी चांगल्या दोन वड्या टाकल्या होत्या. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. आजींची ती गोष्ट मी त्याला कधी सांगितली होती का, ते काही केल्या आठवेना.