पन्नास पानांचं लग्न

अण्णा करमरकरांना माणसं दिसत नसत, पानं दिसत. आचाऱ्याच्या धंद्यात जेवणाऱ्यांची मोजदाद पानांनी होते हे खरं, पण अण्णा घरातही तसंच बोलायचे. पाहुणे आले की "दोन पानं वाढली", आणि स्वतःची आई वारली तेव्हा "एक पान कमी झालं". दोनशे पानांच्या खालचं काम घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. गिरगावातल्या चाळीत, दोन खोल्यांत, ज्या बायकोने अडतीस वर्षं त्यांना रोज गरम वाढलं, त्या उर्मिलाबाईंच्या स्वयंपाकाला ते भातुकली म्हणत. चार पानांत चुकायला जागा तरी कुठे असते, असा त्यांचा सवाल असे. तो ते तिच्याच हातची आमटी भुरकत विचारत.

त्यांचा खरा तोरा मात्र वेगळाच होता. लग्नाचा स्वयंपाक देवाला दाखवल्याशिवाय चाखायचा नाही, हा आचाऱ्यांचा जुना नेम. त्यामुळे अण्णा पातेल्यावर वाकत, डोळे मिटत, वाफ छातीत भरून घेत आणि जाहीर करत, "मीठ हवं, अर्धी मूठ." मिठाला वास असतो की नाही हा प्रश्न कोणी विचारत नसे. वधूपक्षाचे मामा-काका मुद्दाम मुदपाकखान्यात येऊन हा प्रयोग बघत आणि माना डोलवत. चांगलं शिजलेलं अन्न पुरेसं नसतं आपल्या लोकांना, बरोबर थोडं नाटक लागतंच.

मार्च दोन हजार वीसमध्ये देशाला कुलूप लागलं आणि अण्णांची एप्रिल-मेची अकरा लग्नं एका आठवड्यात गेली. टीव्हीवरचे जाणकार विकासदर शून्याखाली गेल्याचं मोठ्या गंभीर चेहऱ्याने सांगत. चाळीत तो कुठपर्यंत खाली गेलाय हे बघायला तक्ते लागत नव्हते, दोरीवर वाळणारे तेच ते दोन कपडे पुरे होते. पण गंमत अशी की चाळीत गरीब कोणीच झालं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी बायकोच्या पैठणीचे मास्क शिवून विकले, ते "डिझायनर" म्हणून. शेजारच्या मीनाक्षीचे चित्रकलेचे क्लास बंद पडले, तर तिने फ्रोझन मोदक काढले आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं की आपली खरी आवड आपल्याला आत्ता सापडली. सगळ्यांनाच आवडी सापडत होत्या. कोणाच्या घरात डाळ संपली होती असं एकही माणूस म्हणाला नाही.

करमरकरांचा मुलगा विनीत दादरला एका सहलींच्या कंपनीत होता. आधी त्याचा पगार निम्मा झाला, मग कंपनीचं शटर वर गेलंच नाही. तो कॉटवर बसून बायोडेटा पाठवायचा आणि उत्तर आलं का ते बघायचा. घर चालवलं ते उर्मिलाबाईंनी, आणि तेही कुणाला न सांगता. दुधाची एक पिशवी बंद झाली. तुरीच्या डाळीत मसूर मिसळायला लागली. कुकरमध्ये एकावर एक तीन डबे बसायला लागले, म्हणजे सिलिंडर दीड महिना पुरे. कोथिंबिरीची देठं वाटणात गेली आणि दोडक्याच्या सालींची चटणी झाली. अण्णा त्या चटणीला भिकेचे डोहाळे म्हणाले आणि दोनदा मागून घेतली.

शेवटी विनीतनेच डब्याचं काढलं. "अण्णांचा डबा" असं नाव, वर अण्णांचा टोपी घातलेला फोटो, रोजचे दहा डबे. घरातल्या शेगडीवर काम करायचं म्हणून अण्णा आधी खूप कुरकुरले, मग उपकार केल्यासारखे उभे राहिले. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. अण्णांचा हात चाळीस वर्षं दोनशे पानांना सरावलेला. डोक्याने दहा म्हटलं तरी हात ऐकेना. मसालेभात झाला साठ जणांचा, आणि तिखट पडलं ते शंभर जणांचं. सगळ्या चाळीने दोन दिवस तो फुकट खाल्ला आणि फुकट खाऊनही नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी हात आखडला, तर आमटीत डाळ शोधावी लागली. गिऱ्हाइकांनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं की उद्यापासून नको. लोकांच्या जिभा बोथट झाल्या आहेत, असं अण्णांचं निदान होतं.

तिसऱ्या दिवसापासून उर्मिलाबाई सकाळी उठून सगळे जिन्नस वाट्यांत मोजून ओट्यावर मांडून ठेवू लागल्या. अण्णांनी ते फक्त पातेल्यात ओतायचे. डबे टिकले, सोळावर गेले, आणि "अण्णांच्या हाताची चवच वेगळी" असे मेसेज येऊ लागले. अण्णा ते मेसेज बायकोला मोठ्याने वाचून दाखवत. ती वाट्या घासत ऐकत असे.

ऑक्टोबरात घरातल्या तिघांनाही कोरोना झाला. फार नाही, ताप आणि अंगदुखीवर निभावलं. वास तिघांचाही गेला. उर्मिलाबाईंचा आणि विनीतचा तीन आठवड्यांत परतला. अण्णांनी एका सकाळी हिंगाची डबी उघडली, नाकाजवळ नेली, आणखी जवळ नेली, आणि झाकण लावून म्हणाले की हल्ली हिंगात नुसतं पीठ असतं. विनीतला वाण्याकडे बदलून आणायला पाठवलं. वाण्याने बिचाऱ्याने बदलूनही दिली. दुसऱ्या डबीतही पीठच निघालं तेव्हा उर्मिलाबाईंना कळायचं ते कळलं. फोडणी जळायच्या आत त्या आपणहून गॅस बारीक करू लागल्या, इतकंच.

डिसेंबरात हितेंद्रचा फोन आला. हितेंद्र दादरच्या एका मंगल कार्यालयाचा मॅनेजर. हॉल सहाशेचा, पण परवानगी पन्नास माणसांची, आणि मोठे केटरर एवढ्याशा कामाला उभे राहत नव्हते.

"अण्णा, पचास का ही है," हितेंद्र म्हणाला. "पण हे एक नीट झालं ना, तर मेपर्यंतची सगळी छोटी लग्नं तुमची. आणि गडबड झाली तर मालक मला पण ठेवणार नाही."

पन्नास पानं. वर्षापूर्वी अण्णांनी हसून फोन ठेवला असता. आता त्यांनी "बघतो, जमवतो" म्हटलं. मेपर्यंतची लग्नं म्हणजे घराला पावसाळ्यापर्यंत घोर नव्हता. आणि घरापेक्षाही, अण्णा करमरकर अजून आचारी आहेत हे दादरपर्यंत कळणार होतं.

संध्याकाळी ते खिडकीबाहेर बघत बायकोला म्हणाले की पुऱ्या लाटायला हल्ली बायका मिळत नाहीत, तर ती येईल का. लाटणाऱ्या बायका मुंबईत कधी कमी पडल्या नव्हत्या, त्या वर्षी तर नाहीच. उर्मिलाबाई हो म्हणाल्या. मग अण्णांनी अटी घातल्या. ती त्यांची बायको आहे हे कुणाला कळता कामा नये, कारण आचारी बायकोला घेऊन हिंडतो म्हटलं की धंद्यात हसं होतं. तिने शेगडीजवळ बसायचं, आणि काही कमी-जास्त वाटलं तर खोकायचं.

"आत्ता खोकले तर नवरदेवासकट हॉल रिकामा होईल," उर्मिलाबाई म्हणाल्या.

मग पोळपाटावर लाटणं दोनदा आपटायचं असं ठरलं. नाक गेलंय हा शब्द तेव्हाही दोघांमध्ये उच्चारला गेला नाही. अण्णांनी तो उच्चारला असता तर पुढचं बरंचसं टळलं असतं, पण त्यांच्या जातीची माणसं एक वेळ उपाशी राहतील, असलं काही बोलणार नाहीत.

लग्नाच्या दिवशी मुदपाकखान्यात पाच-सहा माणसं होती, सगळी मास्कमध्ये. अण्णांचा जुना मदतनीस धोंडू कोशिंबीर करत होता. उर्मिलाबाई डोक्याला रुमाल बांधून कोपऱ्यात लाटत होत्या. हितेंद्रने काय, धोंडूने काय, त्यांना उभ्या आयुष्यात पाहिलेलं नव्हतं, कारण अण्णांनी त्यांना कुठल्या कार्यालयात कधी आणलंच नव्हतं. तासभर सगळं सुरळीत चाललं. आमटीच्या फोडणीला एकदा लाटणं वाजलं, अण्णांनी गॅस बारीक केला. सुरळीच्या वड्या उत्तम उतरल्या. अण्णांना धीर आला आणि धीराबरोबर जुना तोरा आला.

तेवढ्यात नवरीचे मामा मोबाइल उगारून आत आले. वासावरून मीठ सांगणारे ते तुम्हीच ना, असं त्यांनी विचारलं. अण्णा फुलले. मास्क खाली ओढून ते मसालेभाताच्या पातेल्यावर वाकले आणि डोळे मिटले. मामा शूटिंग करू लागले.

लाटणं दोनदा वाजलं.

अण्णांनी ते ऐकलं. पण समोर कॅमेरा होता. त्यांनी आणखी एक लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "अजून दहा मिनिटं. आच मोठीच राहू दे."

लाटणं पुन्हा वाजलं, जरा जोरात. मामांनी वळून बघितलं. मग उर्मिलाबाई सरळ बोलल्याच, "अण्णा, भात खाली लागतोय."

"बाई, तुम्ही पुऱ्या लाटा," अण्णा म्हणाले.

अडतीस वर्षांत त्यांनी तिला अहो-जाहो केलं ते हे पहिल्यांदा. उर्मिलाबाईंनी मान खाली घातली आणि लाटायला लागल्या.

दहा मिनिटंही लागली नाहीत. हितेंद्र दारातूनच ओरडला, काय जळतंय. त्याच्या तोंडावर दोन मास्क होते तरी त्याला कळलं. धोंडूला कळलं, मामांना कळलं. पातेल्याला चिकटून उभ्या असलेल्या एकाच माणसाला कळलं नव्हतं, आणि तो माणूस ह्या वासावरच आयुष्यभर मिरवला होता. अण्णांनी पातेल्याकडे बघितलं, हितेंद्रकडे बघितलं, आणि कोपऱ्याकडे बोट केलं.

"ह्या बाईने मध्येच झाकण काढलं," ते म्हणाले. "नवीन आहे, कळत नाही तिला."

ह्याला काय म्हणावं? घाबरलेला माणूस खोटं बोलतो हे समजू शकतं. पण जिच्या मोजून दिलेल्या वाट्यांवर ह्या गृहस्थाने चार महिने नाव कमावलं, तिच्याच अंगावर पातेलं ढकलताना त्यांची जीभ अडखळलीसुद्धा नाही. धोंडूने मान फिरवली.

उर्मिलाबाई उठल्या, हात धुतले आणि गॅस बंद केला. भात ढवळायला निघालेल्या अण्णांच्या हातातला झारा त्यांनी काढून घेतला, अगदी सहज, मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तसा. धोंडूला दुसरं पातेलं आणायला सांगितलं आणि बुडाला धक्का न लावता वरचा भात हलक्या हाताने त्यात उतरवला. खवलेल्या नारळाची एक करवंटी शेगडीवर लाल होईपर्यंत जाळली, वाटीत ठेवली, वाटी भाताच्या मधोमध बसवली, वरून चमचाभर तूप सोडलं आणि झाकण घातलं. धूर आत कोंडला. मग झाकण काढून त्यांनी दोन शितं तळहातावर घेतली आणि तोंडात टाकली.

धोंडू चपापून म्हणाला की बाई, अजून नैवेद्य व्हायचाय.

"देवाला काय करपलेला वाढायचा होता?" उर्मिलाबाई म्हणाल्या, आणि भातावर लिंबू पिळलं, खोबरं पेरलं.

त्या धुराने करपट वास झाकला गेला. पंगतीत लोकांनी भात मागून घेतला. ज्यांना घरी भात जरासा लागला तर बायकोला तासभर ऐकवायची सवय, तेच आता "स्मोकी फ्लेवर आहे" म्हणून एकमेकांना सांगत होते. मामांनी तर ही कोकणातली लुप्त होत चाललेली पद्धत असल्याचं व्हिडिओत बोलून टाकलं. अण्णा मोरीजवळ उभे होते. त्यांना कोणी हाक मारली नाही.

पंगत उठल्यावर हितेंद्र वही घेऊन आत आला. तो अण्णांच्या समोरून गेला आणि कोपऱ्यात जाऊन थांबला.

"मावशी, गुरुवारी एक लग्न आहे, चाळीस पानं. तुम्ही घ्याल?"

उर्मिलाबाईंनी हातावरचं पीठ झटकलं. अण्णा त्यांच्याकडे बघत होते. आता ती म्हणेल की ह्यांना विचारा, ह्याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"घेईन," त्या म्हणाल्या. "बरोबर माझा एक माणूस असेल. भाजी चिरेल, नारळ खवेल, पुऱ्या तळेल. मोठ्या कामाची सवय आहे त्याला, हात चांगला आहे. फक्त वास येत नाही, म्हणून शेगडीपाशी एकटा ठेवायचा नाही."

हितेंद्र म्हणाला की माणसांची यादी आधी द्यावी लागते, नावं लिहून घेतो. त्याने पेन उघडलं.

उर्मिलाबाईंच्या पिढीत आणि त्यांच्या घरात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मंगळागौरीत, डोहाळजेवणात, बायकांनी अडवून धरलं तर उखाण्यात गुंफून एकदा घ्यायचं आणि लाजायचं. एरवी अहो आणि इकडचे. त्यांनी उखाणा घेतला नाही आणि लाजल्याही नाहीत.

"उर्मिला करमरकर," त्या म्हणाल्या, "आणि सदाशिव करमरकर."

हितेंद्रचं पेन मध्येच थांबलं. त्याने सावकाश मान वळवून अण्णांकडे बघितलं. धोंडूनेही बघितलं. मास्कमुळे अण्णांचा अर्धा चेहरा झाकलेला होता, ते त्या माणसाचं नशीब.

"अण्णा, हे काय आहे? येणार आहात तुम्ही?" हितेंद्रने विचारलं.

अण्णांनी मास्क आणखी वर ओढला. मग म्हणाले, "मला कशाला विचारता? काम बाईंचं आहे."