सुकटीच्या वासाचं तेल

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हा मी अमरावतीच्या एका दवाखान्यात नर्स होते. माशाच्या तेलाने रातांधळेपण टळतं का, हे तिथल्या डॉक्टरांना नीट तपासून पाहायचं होतं. मुलींच्या एका वसतिगृहातून, ज्यांच्या घरी मासळी चालत होती अशा मुली निवडल्या. निम्म्यांना खरं तेल, निम्म्यांना तसंच दिसणारं पण गुण नसलेलं. कुणाला कोणतं, हे एकट्या मला ठाऊक.

ते गुण नसलेलं शोधतानाच जीव मेटाकुटीला आला. लोण्या-तुपातही डोळ्यांना उपयोगी कस असतो, म्हणून ते बाद. जवसाचं पोरींनी वासावरून ओळखलं असतं. भुईमुगाचं रंगाने जुळलं, पण वासाचं काय? "खऱ्यातलं थोडं मिसळू का?" मी विचारलं.

"एक थेंबही नको. मग ते खोटं कसं राहील?" डॉक्टर म्हणाले.

सुकटीला वास असतो, तो गुण नसतो, असं ठरवून शेवटी अकोल्याहून सुकट आणवली, दवाखान्यामागे शेगडीवर त्या तेलात कढवली आणि तेल गाळून घेतलं. आमच्या घरी मासळी शिजत नसे. आईने आठवडाभर मला चुलीजवळ येऊ दिलं नाही.

तेल सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात, दिवेलागणीला, हिवरखेडकडची एक मुलगी माझ्यासमोर पायरीवरून पडली. गुडघा पुसता पुसता मी विचारलं, "काहून गं, पायरी दिसली नाई?"

"सांज झाली का मले दिसतच नाई, बाई."

"मंग सांगितलं काहून नाई?"

"औषध घेऊन राहिली ना मी. होईन बरं."

तिची बाटली मीच भरली होती. भुईमुगाच्या तेलाची.

दोन दिवस माझं कशात लक्ष लागेना. बाटल्या पुसायची, पुन्हा तिथेच ठेवायची. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं.

"मला हे कळायला नको होतं," ते म्हणाले. समोरची वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तिला आजपासून खरं द्या." त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्या मुलींना मंद दिव्यात तपासलं. आणखी दोघी चाचपडत होत्या. दोघींच्या बाटल्या माझ्या शेगडीवरच्या. डॉक्टरांनी प्रयोग तिथेच थांबवला आणि सगळ्यांनाच खरं तेल सुरू केलं.

महिन्याभरात ती मुलगी सांजेची एकटी अंगणात फिरू लागली. मला म्हणाली, "बाई, तुमचं औषध उशिरा लागू पडलं, पन पडलं."

मी हो म्हटलं आणि दुसऱ्या खोलीत निघून गेले.