कवठे महांकाळची केरसुणी आणि आमचा ओढा

दिवाळीत लक्ष्मी म्हणून पुजायची केरसुणी यंदा आमच्या बाजारात प्लास्टिकची! मी ती दुकानदाराकडं परत भिरकावली. नणंद शालन फोनवर म्हणाली, "वैनी, आमच्याकडं या. आमी सात बायका केरसुण्या वळतो." आमच्या घरची लेक केरसुण्या वळते? मला धक्काच बसला. बघायलाच निघाले. जाताना मालकांना सांगितलं, "ओढ्याकडची शिंदीची झाडं काढून टाका, उसाला चार सऱ्या वाढतील."

वाट अशी: रहिमतपूर, औंध, विटा. तिथं गाडी बदलून तासगाव, मग कवठे महांकाळ. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पहिली गाडी धरा, भाकरी घरची घ्या.

शालनच्या शेडात केरसुण्यांसाठी शिंदीची पानं वाळत होती. सातजणींतल्या हिराबाईंनी जन्मभर केरसुण्याच वळल्या, आता बाकीच्यांना त्याच शिकवतात. माल सांगलीच्या दुकानांत जातो. पण त्यांचा नियम ऐकून मी चक्रावले. झाडाची फक्त खालची पानं कापायची, शेंड्याला हात लावायचा नाही. सुगरणीची घरटी असलेल्या झाडाला लाल चिंधी. पिल्लं उडेपर्यंत तिथं कोयता नाही.

"पाखरापायी धंदा थांबवता?" मी म्हणाले.

हिराबाई म्हणाल्या, "आवं बाई, पिल्लांना भरवायला ते आमच्या बाजरीतल्या अळ्या नेतंय. कणसं बी खातंय, मेलं! आनि शेंडा तोडला की झाड मेलं. मग आमी काय वळायचं, तुमच्या उसाचं पाचट?"

सगळ्या हसल्या. मग त्याच पुढं म्हणाल्या, "यंदा मागणी लय, शिंदी पुरंना. हातची मागणी गेली की दुकानदार प्लास्टिकच घेणार."

मी ऐटीत म्हणाले, "आमच्या ओढ्याला वीसेक झाडं आहेत. या की कापायला."

बोलले आणि निघताना काय सांगून आले ते आठवलं. मालकांना फोन लावला. उचलेनात. पुन्हा लावला. नाहीच.

दुसऱ्या दिवशी घरात न जाता तशीच ओढ्यावर गेले. ओढा बोडका. घरटी चिखलात, एकातलं पिल्लू मुंग्यांनी धरलेलं.

मालकांना विचारलं, "फोन का न्हाई उचलला?"

"जेसीबीच्या आवाजात ऐकू येतंय व्हय? तूच म्हणालीस काढा, मी काढली."

खरं होतं. मीच म्हणाले होते.

हिराबाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, "मुळासकट?"

"मुळासकट."

मग त्या म्हणाल्या, "तिथं ऊस लावू नका. मी बिया घेऊन येते. पर केरसुणीजोगं पान यायला लय वर्षं जात्यात, बाई."

चार सऱ्यांची जागा मोकळी ठेवलीय. मालक रोज कुरकुरतात. शालननं दिलेली केरसुणी देव्हाऱ्याजवळ उभी आहे. तिच्यापुढं हात जोडायला अजून धजले नाही.