बातमीत नसलेलं औषध

नगरच्या एका दैनिकात मी डेस्कवर होतो. त्या दुपारी पारनेरच्या वार्ताहराने बातमी पाठवली: तालुक्यातली एक मुलगी पुण्याच्या प्रयोगशाळेत स्मृतिभ्रंशावर संशोधन करते, गावाने तिचा सत्कार केला. हार, फेटे, व्यासपीठावरची झाडून सगळी मंडळी बातमीत होती. संशोधनाला एक ओळ होती, तीत 'पेप्टाइड' असा शब्द होता. मी त्या मुलीला फोन लावला.

"पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा," ती म्हणाली. "या आजारात मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या साठतात. आमचा तुकडा नेमका त्यांनाच चिकटतो. त्याला चमकणारा रंग जोडला की गुठळ्या कुठे आहेत ते दिसतं."

"मग त्या विरघळतात?"

"नाही हो. नुसत्या ओळखू येतात. तेही अजून काचपट्टीवर. गावात तीनदा सांगितलं, तरी माइकवरून 'औषध शोधलं' असंच जाहीर केलं."

संपादकांना शीर्षकही तेच हवं होतं. मी नाही म्हणालो.

"अरे, एवढं बारीक कोण वाचतं?"

"माझे वडील वाचतात, साहेब."

वडील निवृत्त शिक्षक. त्यांना याच आजाराचं निदान झालेलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. मागे स्मरणशक्ती परत आणणाऱ्या एका काढ्याची जाहिरात वाचून ते सावेडीतल्या घरातून एकटेच रिक्षाने निघाले. संध्याकाळी एसटी स्टँडवर सापडले. कुठे निघालो होतो, ते त्यांना सांगता येईना. जाहिरात आमच्याच पेपरात होती.

"औषध म्हणायचं असेल, तर बातमी दुसऱ्या कोणाला द्या," मी म्हणालो. "उद्या त्या मुलीचा खुलासा आला, की तोही छापावा लागेल."

"तू डेस्कवर किती दिवस टिकतोस ते बघतो मी," साहेब म्हणाले. पण बातमी माझ्याच शीर्षकाने आतल्या पानावर गेली: 'मेंदूतील गुठळ्या ओळखणारा रेणू, औषध अद्याप दूर'.

सकाळी शेजारचे काका दुसराच पेपर हलवत आले. "गुरुजी, औषध निघालं! आपल्या पारनेरच्या पोरीनं काढलं!"

वडिलांनी ती बातमी वाचली. मग आमची वाचली.

"यातलं खरं कोणतं?" त्यांनी मला विचारलं.

"आमचं. आजार दिसतो, आप्पा, बरा होत नाही. तुमच्या उपयोगाचं त्यात अजून काही नाही."

"अहो, आशा तरी ठेवू द्या की त्यांना," काका मला म्हणाले.

वडिलांनी काकांच्या पेपरची घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली.

"मी विसरतो. वेडा झालेलो नाही. घेऊन जा हे."