मागची सीट काढलेले आण्णा

आण्णांच्या मोटारसायकलला मागची सीट नव्हती. गाडी घेतल्या घेतल्या त्यांनी ती पाना घेऊन स्वतःच काढली आणि तिथं लोखंडी कॅरियर बसवून घेतला. त्यावर तंबू, स्टोव्ह, सतरंजी आणि पाण्याचा कॅन. "मागं माणूस बसला की बडबड सुरू हुतीया," ते म्हणायचे, "मग रस्ता ऐकू येत न्हाय." शेजाऱ्यांनी, पाहुण्यांनी, खुद्द पोटच्या मुलानं सांगून पाहिलं. सीट काही परत चढली नाही.

आमच्या दूध संघात ते सुपरवायझर, आणि मी त्यांच्या हाताखाली लागलेला. गावोगावच्या दूध संस्था तपासण्यात त्यांची तीस वर्षं आजऱ्याकडच्या आडरस्त्यांवर गेली. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला जातात, नाहीतर कट्ट्यावर बसतात. आण्णा महिन्यातून एकदा गडमुडशिंगीतल्या घराला कुलूप लावायचे आणि त्याच रस्त्यांवर एकटे मुक्कामाला जायचे. मोठा रस्ता वर्ज्य. "हायवेला काय बघायचं? टोलनाका?" असं विचारून ते समोरच्याला गप्प करत.

घरचा जैन रिवाज त्यांनी रानातही मोडला नाही. पाणी गाळून प्यायचे, दिवस मावळायच्या आत जेवायचे. त्यामुळे चार-साडेचारलाच तंबू ठोकलेला असे. शाहूपुरीतल्या ऑफिसात ते भेटायला आले की आम्ही चेष्टा करायचो, की आण्णा कोंबड्यांच्याही आधी मुक्कामाला लागतात. "तुम्ही मोबाइल बघत जेवताय," ते म्हणत, "पोटात काय गेलं ते तरी कळतंय का?" माझे वडील मी लहान असतानाच गेले. माझ्या लग्नात त्यांच्या जागी आण्णा उभे राहिले होते, एवढं सांगितलं म्हणजे आमचं नातं कळेल.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आजऱ्याच्या पुढं एका संस्थेची तपासणी उरकून मी आणि ड्रायव्हर संभा जीपपाशी उभे होतो. इतक्यात ओळखीचा फटफट आवाज आला. आण्णाच! मी आनंदानं रस्त्यात जाऊन दोन्ही हात हलवले. गाडी सरळ माझ्या अंगावर आली. वेग कमी नाही, हॉर्न नाही. मी चरात उडी मारली म्हणून वाचलो. हँडल शर्टाला घासून गेलं आणि आण्णा तसेच पुढं निघून गेले.

मला राग आला होता. आम्ही जीप त्यांच्या मागं घातली. दोनेक किलोमीटरवर ओढ्याकाठी आण्णा तंबूचे खुंट ठोकत होते. मी तावातावानं जाऊन त्यांच्या पुढ्यात उभा राहिलो. त्यांनी मान वर केली आणि हसून म्हणाले, "कोण पावणं? या की, बसा."

वीस वर्षांची ओळख!

"आण्णा, मी हाय."

आवाजावरून त्यांनी ओळखलं आणि हातातला दगड खाली ठेवला. "कडंकडंचं दिसतंय रं. मधलं तेवढं न्हाय. वरीस झालं. डॉक्टर म्हणाला, गाडी बंद करा. पर दोन्ही कडा दिसल्या की रस्ता मधी असतोयच की!"

वर्षभर! मी चावी मागितली.

"ही काढून घेतलीस तर घरात बसून काय करू? भिंती बघू?" ते म्हणाले. पण मी हात पुढं केला, तशी चावी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.

मोटारसायकल घेऊन संभा परतीच्या वाटेवर पुढं निघाला. जीप मी चालवत होतो, शेजारी आण्णा. "आता उतार. डावीकडं पाण्याची हीर. पुढं फरशी पूल, हळू घे." एकही खूण चुकत नव्हती. मी विरघळत चाललो होतो. निदान या रस्त्यांपुरती तरी चावी परत द्यावी, असं मी जवळजवळ ठरवलं होतं.

एका वळणावर फणसाखाली काजूच्या कारखान्यातून सुटलेल्या बायका वडापच्या जीपची वाट बघत बसल्या होत्या. संभा त्यांच्यापासून अजून बराच लांब होता, आणि चालवतही सावकाश होता. पण ती गाडी दिसताच बायका किंचाळत उठल्या. डबे, पिशव्या तिथंच टाकून बांधावर चढल्या. एकीनं तान्हं पोर उराशी धरून उडीच मारली. दुसरीनं दगड उचलला. संभा बावचळून थांबला. मी ब्रेक दाबला.

तो गलका ऐकून आण्णांचा चेहरा खुलला. "फणस आला न्हवं? हितल्या बायका लई मायाळू. वरीसभर बघतोय, गाडी दिसली की लांबनं हाका मारत्यात." आणि त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला.

मी काही सांगितलं नाही. चावीही दिली नाही. पुढं आण्णांनी ती चारदा मागितली. "मी कुणाला कवा धक्का तरी लावलाय? कारण तर सांग," म्हणाले. मला सांगवेना. मग त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी दारात गेलो की आतून कडी लागायची. पाच महिन्यांनी ते गेले, तेही माझ्यावर रागावूनच.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी त्यांचा मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आण्णा शेवटी शेवटी तिकडच्या कुठल्याशा बायकांची आठवण काढायचे. सख्ख्या माणसांपेक्षा त्यांनी जास्त माया केली म्हणायचे. तुम्हाला जागा माहीत असेल ना? मला घेऊन चला. आण्णा गेल्याचं त्यांना सांगायला हवं."