आमच्या खोलीचा पहिला पाहुणा

चहा घ्या आधी, मग सांगते. आणि हसायचं असलं तर कप खाली ठेवून हसा. असा घोटाळा आहे की मी स्वतःच अजून पदर तोंडाला लावते.

बिंदुसरा धरणाजवळ, पालीला आमचं शेत. शेतातल्या एका खोलीची खिडकी थेट पाण्याकडे उघडते. करोना ओसरला तसं माझ्या मनात आलं, ही खोली पर्यटकांना राहायला द्यावी. माणसं इतके दिवस घरात कोंडलेली, आता नाही फिरणार तर कधी? मी भिंतींना चुना दिला, पलंगावर नवी गोधडी घातली. पुतणीनं मोबाईलवर फोटो टाकले, खाली माझा नंबर.

हे म्हणाले, "अगं, लोक सख्ख्या भावाकडं जाईनात, तुझ्याकडं कोण येतंय? संक्रांतीपर्यंत वाट बघ. न्हाई आलं कुणी, तर मी तिथं कापूस भरणार."

रोज दुपारी मी त्या खिडकीत बसायची. पाण्यावर ऊन हलायचं आणि मला पाहुणे दिसू लागायचे. पुण्याची कुणी बाई केस मोकळे सोडून इथंच बसलीय, तिचं लेकरू काठावरचे बगळे मोजतंय, मधेच चुकतंय, पुन्हा मोजतंय... दूध किती वेळा उतू गेलं, विचारू नका!

संक्रांतीला चार दिवस उरले आणि फोन आला. आमच्या शेतात रेंज म्हणजे चिमणी, बसली की उडाली. तुटक आवाज यायला लागला, "ताई... राहायला... उद्या येतो... घरीच थांबा."

"या, या! खुशाल राहायला या!" मी ओरडले.

दुसऱ्या दिवशी अकराला मोटरसायकल थांबली. तोंडाला मास्क, पाठीला पिशवी, हातात निळी पेटी. शहरातला माणूस, थंड पाणी संगं आणलं असेल, मी ताडलं.

"ताई, मी आलो ते—"

"ठाऊक हाय! आधी हातपाय धुवा."

"पण तुमचा दुस—"

"दूधच ना? घरच्या म्हशीचं हाय, बिनधास्त प्या."

मग मी त्याला गोठा दाखवला, विहीर दाखवली, हुरडा भाजून गूळ आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाऊ घातला. बिचारा खात होता आणि सारखा पेटीकडे बघत होता.

"ताई, पेटी तेवढी उन्हात नको."

"सावलीतच हाय हो! सुट्टीवर आलात, काळजी कशाला करता?"

"सुट्टी?" तो हसला. "करोना आल्यापासून सुट्टी कशी असती तेच इसरलो."

माझं काळीज भरून आलं. मी त्याला खोलीत नेऊन खिडकीपाशी बसवलं. त्यानं मास्क खाली ओढला आणि पाण्याकडे बघत राहिला. वाऱ्यानं पाणी शहारत होतं. पहिल्यांदा कुणी परकं माणूस माझ्या खिडकीतून बघत होतं!

मी गप्प झाले, तेवढ्यात त्यानं साधून घेतलं.

"ताई, जागा लई झकास हाय. आता बाही वर करा."

"आं?"

"लशीचा दुसरा डोस राहिला तुमचा. काल फोनवर तेच सांगितलं की! दोनदा आलतो, दोन्ही बारीला तुमी तुरीत जाऊन लपलात. काल म्हटलं, बाई इतक्या खुशीनं कशी काय बोलावतीय?"

राहिला! आणि मी ऐकलं, राहायला!

दारात हे उभे. हसून हसून चौकट धरलेली. आता पळणार कुठं? हुरडा मीच खाऊ घातला होता. दिला दंड पुढे.

संध्याकाळी सणकून ताप भरला. ह्यांनी मला त्याच पलंगावर, त्याच नव्या गोधडीत झोपवलं. दोन रात्री मुक्काम झाला माझा! वर ह्यांनी जाहीर केलं, मुक्काम झाला म्हणजे पाहुणा आलाच, कापूस ओसरीवरच राहील.

दुसऱ्या सकाळी चहा घेऊन आले आणि अदबीनं विचारलं, "पाहुणेबाई, काय कमी-जास्त?"

मला काही आठवत नाही. पण हे शपथेवर सांगतात, मी तापात डोळे न उघडताच म्हणाले, "खोली छान हाय. पाणी तर लईच छान दिसतं. फकस्त मालकीणबाईला सांगा, आल्या माणसाला जरा बोलू देत जा."