थोरले साडू परत मिळणेबाबत

अर्जदार : मी स्वतः, व्यवसाय अर्जलेखन, अंधेरीत एका सरकारी कचेरीबाहेर टेबल. समोरचा पक्ष : माझे थोरले साडू, मरोळच्या एका कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त, तूर्त मुक्काम जर्मनी, मुलीकडे. साक्षीदार : माझी पत्नी, तसेच माझ्या टेबलाशेजारचा चहावाला. घटनेचा काळ : गेल्या गणपतीविसर्जनानंतर ते विमानात बसले तेव्हापासून आजतागायत.

वरील तपशिलास अनुसरून प्रथम हे नमूद करतो की, अंधेरी ते मरोळ या टापूत माझ्या साडूंइतका काटकसरी मनुष्य झाला नाही, आणि झाला असल्यास त्याने आमच्या साडूंकडूनच धडे घेतले असतील. हे मी रागाने लिहीत नाही. अर्जलेखकाने राग शाईत उतरू देऊ नये, हे मी वीस वर्षे पाळत आलो आहे. मला फक्त कुतूहल आहे, आणि ते आजही शमलेले नाही.

मेव्हणीबाई गेल्यापासून साडू एकटेच राहत. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी घरातला पंखासुद्धा बंद करून ते एका मोठ्या थंडगार फर्निचरच्या दुकानात जाऊन सोफ्यावर बसत. गेली चार वर्षे त्यांचा सोफा पसंत होत आहे. तिथले विक्रेते त्यांना नावाने ओळखतात, नवा माल आला की आधी त्यांना बसवून बघतात. एकाने विचारले, "काका, यंदा तरी घेताय ना?" साडू म्हणाले, "घाई कशाला? सोफा काय रोज घ्यायची वस्तू आहे?" रिक्षात बसले की त्यांची नजर रस्त्यावर नसून मीटरवर असे, आणि आकडा पुढे सरकणार अशी चाहूल लागताच ते भर रस्त्यात "बस, इथंच!" म्हणून उतरत. उरलेला रस्ता पायी. त्यांच्यासोबत कुठेही गेलो तरी मी मुक्कामाच्या थोडा अलीकडेच पोचत असे.

परंतु त्यांची खरी कर्तबगारी म्हणजे कुकर. त्यांच्या मजल्यावर तीन बिऱ्हाडे. तिन्ही कुकर अर्धे रिकामे शिजतात, हे त्यांना सहन होईना. त्यांनी दारोदार जाऊन पाळी लावून दिली : आज यांचा कुकर, उद्या त्यांचा, डबे मात्र सर्वांचे. तीन घरचे वरण-भात एका गॅसवर होऊ लागले. पुढे एका संकष्टीस शेजारच्या वहिनींच्या उपासाच्या बटाट्यांखालच्या डब्यात तिसऱ्या घरची अंडी उकडून निघाली. वहिनी दारात उभ्या राहून ओरडल्या, "अहो काका, वाट लावलीत ना माझ्या उपासाची!" साडू शांतपणे म्हणाले, "डबे वेगळे होते, वहिनी. वाफेला काय कळतंय आज संकष्टी आहे ते?" वहिनी आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांचा डबा मुकाट्याने आला.

मी एकदा थेट विचारले, "साडूभाऊ, एवढं वाचवून करायचंय काय?" ते मला थट्टेने वकीलसाहेब म्हणतात. म्हणाले, "वकीलसाहेब, पैशाचं सोडा हो. वस्तू वाया जाताना बघवत नाही मला." या उत्तराने माझे समाधान झाले नव्हते.

जर्मनीच्या व्हिसासाठी मी त्यांची फाईल स्वहस्ते लावून दिली. झेरॉक्स मात्र त्यांनी स्वतः काढून आणल्या, त्या पाठकोऱ्या कागदांवर. खिडकीतल्या बाईंनी विचारले, "काका, हे पाणीकपातीचं पत्र कशाला जोडलंय?" साडू म्हणाले, "मागचं बघा मॅडम. पुढचं तुम्हाला फुकट." मागची रांग हसली. माझी वीस वर्षांची अब्रू त्या खिडकीत गेली असे मला वाटले, आणि मी सर्वांदेखत बोलून गेलो, "हद्द झाली तुमच्या चिंगूसपणाची!" त्यांनी नव्या झेरॉक्स काढून आणल्या. परतताना रिक्षा त्यांनीच केली, मीटर किती वेळा पडला तरी उतरले नाहीत, मला माझ्या दारापर्यंत सोडले. त्या दिवशी मी प्रथमच मुक्कामाला पूर्ण पोचलो, आणि मला फार वाईट वाटले.

तिकडून त्यांचे बोलके निरोप फोनवर येऊ लागले. "वकीलसाहेब, इथं रिकामी बाटली यंत्रात टाकली की चिठ्ठी येते, ती दुकानात चालते! लोक घरचीच पिशवी नेतात. नको असलेल्या वस्तू खोक्यात भरून फुटपाथवर ठेवतात, वर लिहितात, घेऊन जा. मी दिवा आणला, चालतोय झकास. अहो, आख्खा देश आपल्या विचारांचा आहे!" मग शेवटी, "आणि इथं मला कुणी चिंगूस म्हणत नाही." हा निरोप चहावाल्यासमोर वाजला. तो म्हणाला, "साहेब, आता कसले येतायत ते?"

तीन महिन्यांची मुदत संपत आली आहे. परवा भाचीचा फोन आला. "काका, बाबा इथे खूश आहेत हो. मी म्हणतेय कायमचेच राहा, पुढचं काय ते मी बघते. पण ते हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. तुमचं ऐकतात ते. एक पत्र लिहा ना, तुमच्या अर्जासारखं पक्कं." मी होकार दिला. त्या रात्री तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा मसुदा उलटाच, 'परत या' असा उतरला. पत्नी म्हणाली, "अहो, तिचं काम करताय की तुमचं?" साक्षीदाराचा हा आक्षेप मी मान्य करतो.

सबब, साडूभाऊ, भाचीचे म्हणणे रास्त आहे, हे मी येथे लिहून देतो. तिथे आपली कदर आहे, लेक आहे. इकडे देण्यासारखे माझ्यापाशी विशेष काही नाही. व्हिसाच्या खिडकीपाशी उच्चारलेला तो एक शब्द मात्र मी बिनशर्त मागे घेत आहे. राहावे की यावे, हे आपण ठरवावे. परंतु निर्णय मला भाचीकडून न कळता आपल्याच आवाजात कळावा, आणि उत्तर देताना शब्दांची काटकसर करू नये, ही नम्र विनंती.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
धाकटा साडू